पाच वॉट

आम्ही दोघे भाऊ रेडिओ मेकॅनिकची मुले. मिरजेत मार्केटच्या मागच्या गल्लीत अब्बांचे दुकान होते. १९६२ साली सुरू झाले, १९९४ साली बंद झाले. पुढे आम्ही आपापले धंदे केले. थोरला घरांच्या वायरिंगची कंत्राटे घेतो, धाकट्याचे झेरॉक्सचे दुकान आहे. व्हॉल्व्ह हा शब्द आमच्या घरात जवळपास तीस वर्षे कुणी उच्चारला नव्हता.

२०२३च्या पावसाळ्यात तो पुन्हा घरात आला, पण दुसऱ्याच नावाने. धाकट्याची मुलगी तेव्हा एकोणीस वर्षांची होती. दोन वर्षे ती गिटार शिकत होती. एका रात्री जेवताना ती म्हणाली, "अब्बू, बडेअब्बा, मला ट्यूबचा अॅम्प घ्यायचाय. स्वस्तातला."

आमच्या गावात ट्यूब म्हणजे एक तर सायकलच्या टायरमधली, नाहीतर भिंतीवरची. आम्ही एकमेकांकडे पाहिले. तिने मोबाइलवर चित्र दाखवले. काचेची बोटाएवढी नळी, आत राखाडी पत्र्याची पेटी आणि मधोमध निखाऱ्यासारखा लाल ठिपका.

"ईएल ८४," थोरला म्हणाला.

"तुम्हाला कसं माहीत?"

या प्रश्नाचे उत्तर द्यायला आम्हाला जेवण संपेपर्यंत वेळ लागला. पलीकडे खाटेवर अब्बा बसले होते. वय सत्याऐंशी. त्यांना ऐकू येत नाही. दहा-बारा वर्षांत कान हळूहळू गेले. त्यांच्याशी बोलायचे तर पाटीवर लिहावे लागते. त्या रात्री आम्ही पाटीवर काही लिहिले नाही.

एक खुलासा करून ठेवतो. आमच्या घरातले बोलणे दख्खनीत चालते. इथे ते मराठीत दिले आहे. अब्बांचे शब्द मात्र आहेत तसेच ठेवले आहेत.

आम्हाला इंग्रजी अक्षरे शाळेने शिकवायच्या आधी अब्बांनी शिकवली, आणि तीही ए बी सी डी या क्रमाने नाही. व्हॉल्व्हच्या काचेवर नाव छापलेले असे, ते वाचायचे. पहिले अक्षर हीटरचे. ई म्हणजे ६.३ व्होल्टचा हीटर. यू म्हणजे १०० मिलिअँपिअरचा, सगळे हीटर माळेसारखे एकामागे एक जोडायचे. पुढची अक्षरे आत काय आहे ते सांगतात. सी म्हणजे ट्रायोड, एफ म्हणजे पेंटोड, एल म्हणजे स्पीकर हलवणारा ताकदीचा पेंटोड, झेड म्हणजे एसीचा डीसी करणारा. आकडा आठाने सुरू झाला की खाली नऊ पिना. म्हणजे ईसीसी ८३ हा एका काचेत दोन ट्रायोड, आणि ईएल ८४ हा स्पीकर हलवणारा. अमेरिकेत ईसीसी ८३ला १२ एएक्स ७ म्हणतात. नाव वेगळे, वस्तू तीच.

आत काय चालते तेही अब्बांनी पाटाच्या पाण्यावरून सांगितले होते. हीटर तापला की कॅथोडमधून इलेक्ट्रॉन सुटतात. समोरच्या प्लेटला अडीचशे-तीनशे व्होल्ट दिलेले असतात, ती त्यांना ओढते. मध्ये तारेची जाळी असते, ती म्हणजे पाटाचे दार. दार बोटभर हलवले की पाण्याचा लोंढा कमी-जास्त होतो. रेडिओतला किंवा गिटारमधला क्षीण आवाज या दाराला लावायचा. लोंढ्यात तोच आवाज मोठा होऊन मिळतो. १९०४ साली इंग्लंडमध्ये फ्लेमिंगने जाळी नसलेला व्हॉल्व्ह केला, १९०६ साली अमेरिकेत ली डी फॉरेस्टने त्यात जाळी बसवली. तिथून पन्नास वर्षे रेडिओ, सिनेमा, लाउडस्पीकर, जगातला सगळा मोठा आवाज या काचेतून गेला.

अब्बांच्या दुकानातही तेच होते. मर्फी, फिलिप्स, बुश. मागच्या फळीवर बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सच्या व्हॉल्व्हच्या पुठ्ठ्याच्या डब्या रांगेने. खाली लाकडी खोक्यांत ट्रान्सफॉर्मर. जुन्या, मोडीत निघालेल्या सेटमधले काढून, तपासून, चिठ्ठी बांधून ठेवलेले. ट्रान्झिस्टर आले, मग टेपरेकॉर्डर, मग टीव्ही. गिऱ्हाईक तुटत गेले. अब्बा तरी रोज शटर उघडून बसायचे.

१९९४ साली ते दोन महिने हैदराबादला आमच्या बहिणीकडे गेले होते. जागेचे भाडे थकले होते, मालक घाई करत होता. आम्ही दोघांनी दुकान रिकामे केले. ट्रान्सफॉर्मर भंगारवाल्याने तांब्याच्या भावात किलोवर नेले. व्हॉल्व्ह त्याने फुकटसुद्धा घेतले नाहीत. काच आहे म्हणाला. ते आम्ही पोत्यात भरून कचऱ्यात टाकले. अब्बा परत आले, रिकाम्या दुकानात उभे राहिले. आम्हाला वाटले होते ते ओरडतील. त्यांनी एवढेच विचारले, "ट्रान्सफॉर्मर बी?"

आम्ही मान हलवली. त्यानंतर तो विषय घरात निघाला नाही.

आता नात तीच वस्तू मागत होती. आम्ही तिला आधी उलट प्रश्न केले. जगाने सोडून दिलेली चीज तुला कशाला हवी? ट्रान्झिस्टरचा अॅम्प निम्म्या किमतीत येतो, तापत नाही, फुटत नाही, उचलायला हलका. तिने मोबाइलवर दोन तुकडे ऐकवले. एकच गत, आधी ट्रान्झिस्टरच्या साध्या अॅम्पवर, मग व्हॉल्व्हच्या, आणि दोन्हीकडे आवाजाचे बटण शेवटपर्यंत फिरवलेले. आम्हाला फरक जाणवला, पण सांगता येईना. तो सांगितला आमच्या शेजारच्या चाचांनी. ते सतार-तंबोरे करतात. त्यांनी दोन्ही तुकडे ऐकले आणि म्हणाले, "पहिला नुसता फाटलाय. दुसऱ्याची जवारी खुली आहे."

मिरजेच्या माणसाला यापुढे समजवावे लागत नाही. इतर वाचकांसाठी लिहितो. तंबोऱ्याची तार घोडीच्या सपाट पाठीवर हलकेच घासत राहावी म्हणून ती पाठ कानसेने घासून घडवतात, आणि तारेखाली सुताचा धागा सरकवून नेमकी जागा शोधतात. मग एका षड्जातून वरचा षड्ज, त्याच्या वरचा पंचम, असे एकेक स्वर उमलतात. ते तारेतलेच असतात, जवारी त्यांना बाहेर काढते. व्हॉल्व्हला त्याच्या ताकदीच्या काठावर नेले की असेच काहीसे होते. लाटेचे शेंडे एकदम कापले जात नाहीत, हळूहळू गोल होतात. एकच पॉवर व्हॉल्व्ह असलेल्या छोट्या अॅम्पमध्ये तर मूळ स्वराच्या दुपटीचा, म्हणजे वरच्या षड्जाचा, अंश ठळक मिसळतो. साधा ट्रान्झिस्टर काठापर्यंत स्वच्छ राहतो आणि मग शेंडा सुरीने कापावा तसा कापतो. त्यातून निघणारे वरचे स्वर कानाला बोचतात. गाणे जसेच्या तसे ऐकायचे असेल तर हा काठ कधी येऊच नये अशी योजना करतात. गिटारवाल्याला मात्र त्या काठावरच उभे राहायचे असते. म्हणून १९४७ साली ट्रान्झिस्टर निघून गेल्यावरही गिटारवाल्यांनी काच सोडली नाही.

कारण कळले. आता प्रश्न पैशांचा आणि जागेचा. मुलीने शिकवण्या घेऊन नऊ हजार साठवले होते. आम्ही दोघे मिळून पंधरा घालू शकत होतो. चोवीस हजारांत काय येते?

आमची पहिली चूक अशी की आम्ही वॉट मोजायला लागलो. इतक्या पैशांत जास्तीत जास्त वॉट कुठे मिळतात, हा आमचा बाजारहाटाचा हिशेब. तो इथे उलटा पडतो. कानाचे गणित सरळ चालत नाही. ताकद दहापट केली तेव्हा आवाज आपल्याला साधारण दुप्पट वाटतो. म्हणजे ५० वॉटच्या अॅम्पपुढे ५ वॉटचा अॅम्प दहावा हिस्सा नसतो, जवळजवळ निम्मा असतो. आणि जवारी खुलते ती शेवटच्या टप्प्यावर. पन्नास वॉटचा अॅम्प त्या टप्प्यावर न्यायचा तर मैदान पाहिजे. आमची खोली दहा बाय बारा, भिंतीला भिंत लागून शेजार, पलीकडे चाचांच्या घरी आजारी म्हातारी. आम्हाला पंधरा वॉटसुद्धा जास्त होते. फेंडर कंपनीचा छोटा चॅम्प हा अॅम्प शिकाऊंसाठी १९४० च्या दशकाच्या अखेरीस निघाला, एका पॉवर व्हॉल्व्हचा, जेमतेम चार-पाच वॉटचा. पुढे मोठमोठ्या वादकांनी स्टुडिओत रेकॉर्डिंगसाठी तोच वापरला. एरिक क्लॅप्टनची १९७० सालची 'लैला'ची वादने छोट्या चॅम्पवरची आहेत हे मुलीने आम्हाला सांगितले. मायक्रोफोन जवळ ठेवला की पाच वॉट कमी नसतात.

थोरल्याला तरी शेजाऱ्यांची काळजी होती. तो म्हणाला, हेडफोनचा व्हॉल्व्ह अॅम्प घेऊ, म्हणजे भांडणच नको. पंधरा दिवस आम्ही त्या वाटेने गेलो. बाजारात १,८०० रुपयांची एक डबी दिसली. वर दोन व्हॉल्व्ह, छान चमकणारे. मागवली. थोरल्याने उघडून पाहिले तर चमक व्हॉल्व्हची नव्हतीच, खाली नारिंगी एलईडी लावला होता. त्याने व्हॉल्व्ह उपसून हातात घेतले, तरी गाणे चालूच राहिले. व्हॉल्व्ह देवळीतल्या पणतीसारखे नुसते शोभेला होते. डबी परत केली. सगळ्याच अशा नसतात. ट्रान्झिस्टरला व्हॉल्व्हची जोड दिलेले चांगले हेडफोन अॅम्प आहेत, आणि निखळ व्हॉल्व्हचेही आहेत. पण स्वस्तातल्या निखळ व्हॉल्व्हच्या अॅम्पमध्ये बहुधा शेवटचा ट्रान्सफॉर्मर वाचवलेला असतो. अशा अॅम्पला ३०० ओहमसारखे जास्त रोधाचे हेडफोन मानवतात. मोबाइलबरोबर वापरतो ते १६ किंवा ३२ ओहमचे हेडफोन लावले तर आवाज दुबळा होतो, खर्ज पातळ होतो. घेणाऱ्याने आधी आपल्या हेडफोनचे ओहम पाहावेत, मग अॅम्प पाहावा. गाणी ऐकायला ही वाट चांगली आहे. मुलीला मात्र गाणी ऐकायची नव्हती, वाजवायचे होते. गिटारच्या अॅम्पमधला स्पीकर वरच्या टिपेचा कर्कश भाग स्वतःच गाळून टाकतो. हेडफोन काहीच गाळत नाही. गिटार थेट हेडफोन अॅम्पला लावून आवाज वाढवला तर डब्यात माश्या कोंडल्यासारखे ऐकू येते. तो बेत सुटला.

मग धाकट्याला आठवण झाली ती अब्बांच्या रेडिओची. दुकानातली एकच वस्तू वाचली होती. खोलीतल्या कपाटावर ठेवलेला त्यांचा स्वतःचा रेडिओ. जुन्या सेटच्या मागे ग्रामोफोन जोडायला दोन भोके असत. तिथे गिटार जोडली तर? आत व्हॉल्व्ह, ट्रान्सफॉर्मर, स्पीकर सगळे तयार. खर्च शून्य. एका रविवारी दुपारी आम्ही रेडिओ खाली काढला, धूळ पुसली. मुलीने वायर तयार केली. थोरल्याने दोन पिनांचा प्लग बोर्डात घातला. अब्बा खाटेवर झोपलेले होते, असे आम्हाला वाटत होते.

मुलगी गिटार मांडीवर घेऊन वायर रेडिओच्या भोकात घालणार इतक्यात मागून आवाज आला. "यू है वो! हात नक्को लगाव!"

अब्बा खाटेवरून उतरून भिंतीला धरून उभे होते. कान गेल्यापासून ते फार हळू बोलत. इतका मोठा आवाज आम्ही त्यांच्या तोंडून कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. थोरल्याने प्लग ओढून काढला. अब्बा आले, जमिनीवर बसले, मागचा पुठ्ठा काढायला लावला. आतल्या व्हॉल्व्हवर बोट ठेवले. काचेवर पुसट अक्षरे होती. यूसीएल ८२. शेजारी यूवाय ८५.

यूचा अर्थ आम्हीच विसरलो होतो. यू मालिकेच्या सेटमध्ये पॉवर ट्रान्सफॉर्मर नसतो. स्वस्त पडावे म्हणून हीटर माळेत जोडून सरळ मेनवर लावलेले असतात. सेटचा लोखंडी सांगाडा मेनच्या दोन तारांपैकी एकीला थेट जोडलेला. प्लग एका बाजूने घातला तर सांगाडा न्यूट्रलवर, उलटा घातला तर फेजवर. बाहेरून लाकडी पेटी आणि प्लास्टिकची बटणे, म्हणून ऐकणाऱ्याला कधी कळत नाही. पण गिटारच्या तारा वायरीतून त्या सांगाड्याला जोडल्या जातात. मुलीच्या दोन्ही हातांत २३० व्होल्ट आले असते. खाली ओली फरशी.

थोरल्याने नंतर टेस्टर लावून पाहिले. प्लग आम्ही उलटाच घातला होता.

त्या रात्री आम्हा दोघांना झोप लागली नाही. अब्बा आमच्यावर रागावले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच पाटी मागितली आणि नातीसमोर धरली. ती काय करू पाहते आहे ते तिने सगळे लिहून दाखवले. पाटी चार वेळा पुसली गेली. शेवटी ते आमच्याकडे वळून म्हणाले, "पाँच वॉट का लेव. ई का लेव. ट्रान्सफॉर्मर देख के लेव."

आमच्या शोधाला इथून दिशा आली. त्यानंतर आम्ही महालक्ष्मी एक्स्प्रेसने मुंबईला गेलो. ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोड पालथा घातला, चोर बाजारात मटन स्ट्रीटवरही फिरलो. तेव्हा जे कळले ते कुणाला उपयोगी पडेल म्हणून लिहितो. स्वतः बांधायचा तर व्हॉल्व्ह ही अडचण नाही. आजही ते नव्याने बनतात. मुख्यतः रशिया, स्लोव्हाकिया आणि चीनमध्ये. २०२२ साली युक्रेनच्या युद्धानंतर रशियाची निर्यात काही काळ थांबली तेव्हा जगभर किमती चढल्या, पण माल मिळेनासा झाला नाही. अडचण ट्रान्सफॉर्मरची. एका छोट्या अॅम्पमध्ये दोन लागतात. एक मेनचा, जो तीनशे व्होल्ट तयार करतो आणि आपल्याला मेनपासून वेगळे ठेवतो. दुसरा शेवटचा. ईएल ८४ला पाच हजार ओहमचा भार हवा असतो, स्पीकर असतो आठ ओहमचा. या दोघांची सोयरीक जुळवण्याचे काम त्या ट्रान्सफॉर्मरचे. लोखंड कमी घातले तर खर्ज मरतो, गुंडाळी वाईट तर वरचे स्वर मरतात. वजनदार लोखंड आणि पुष्कळ तांबे यांत कंजुषी करता येत नाही, आणि स्वस्त अॅम्पमध्ये कंजुषी नेमकी इथेच होते. एका दुकानात चांगल्या जोडीची किंमत ऐकली आणि आम्ही दोघे रस्त्यावर येऊन गप्प उभे राहिलो. कुणी कुणाला काही म्हणाले नाही. अशा किती जोड्या आम्ही किलोवर घातल्या होत्या, ते दोघेही मनात मोजत होतो.

न्यू जर्सीचा आमचा एक मावसभाऊ तिथून जुना अॅम्प आणायला तयार होता. किंमत ऐकून मोह झाला. पण तिकडची वीज १२० व्होल्टची. तसा अॅम्प इथल्या प्लगात घातला की संपला. मध्ये आणखी एक जड ट्रान्सफॉर्मर घ्यावा लागतो, वर विमानातले वजन आणि कस्टम. मागे छापलेली पट्टी वाचल्याशिवाय परदेशी अॅम्प घेऊ नये. त्यावर २३० किंवा २२०-२४० लिहिलेले हवे.

नव्या अॅम्पच्या किमती आमच्या चोवीस हजारांना टांग मारून पुढे जात होत्या. म्हणून जुन्याकडे वळलो. या वर्गात गेल्या वीस वर्षांत बरेच छोटे अॅम्प निघून गेले आहेत. एपिफोनचा व्हॉल्व्ह ज्युनियर, एकच बटण असलेला ५ वॉटचा. व्हॉक्सचा एसी ४ टीव्ही, ज्यात चार वॉटचे एक वॉट आणि पाव वॉटही करता येतात. बुगेराचा व्ही ५, ज्यात ५, १ आणि ०.१ वॉट अशी तीन घरे आहेत. ब्लॅकस्टारचा एचटी १, एक वॉटचा. यांतल्या पहिल्या तिघांत एक ईसीसी ८३ आणि एक ईएल ८४, एवढाच संसार. ताकद कमी करण्याची सोय असलेला मिळाला तर गल्लीत राहणाऱ्याने तोच घ्यावा.

पुण्यात शिकणारा एक मुलगा जर्मनीला निघाला होता. त्याच्याकडे असा एक पाच वॉटचा अॅम्प होता. १७ हजार म्हणत होता. आम्ही तिघे गेलो. तपासताना अब्बांचे सगळे दुकान आमच्या हातांत परत आले. चालू करण्यापूर्वी व्हॉल्व्हच्या शेंड्याचा आतला मुलामा पाहिला. तो चांदीसारखा किंवा काळपट चकचकीत हवा. दुधासारखा पांढरा झाला असेल तर आत हवा शिरली, व्हॉल्व्ह मेला. चालू केल्यावर खोलीतला दिवा घालवून पाहिले. हीटर लाल दिसतो ते ठीक, पण बाहेरचा राखाडी पत्रा लाल झाला तर लगेच बंद करायचे. पेन्सिलीने व्हॉल्व्हवर हलकी टिचकी मारली. स्पीकरमधून घंटेसारखे वाजले तर तो व्हॉल्व्ह बदलायचा. ईसीसी ८३ थोडा वाजला. ट्रान्सफॉर्मरजवळ नाक नेऊन जळका वास येतो का ते पाहिले. आणि स्पीकरची वायर न काढता हे सगळे केले. व्हॉल्व्हचा अॅम्प स्पीकरशिवाय चालवला तर शेवटचा ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. मागचे झाकण आम्ही उघडले नाही. बंद केलेल्या अॅम्पमध्येही कपॅसिटर तीनशे व्होल्ट धरून बसलेले असतात. अब्बा उघड्या सेटवर काम करताना डावा हात पाठीमागे ठेवत. लहानपणी आम्हाला ती ऐट वाटायची. एका हातातून दुसऱ्या हाताकडे जाणारा करंट काळजातून जातो, म्हणून ती सवय.

बदलायच्या व्हॉल्व्हचे एक हजार वजा करून सोळा हजारांत सौदा झाला. एसटीच्या प्रवासभर मुलीने तो मांडीवर धरला होता.

घरी लावला आणि सगळा आनंद ओसरला. गिटार न वाजवताही स्पीकरमधून घोंss असा आवाज. पुण्यात तो नव्हता. आम्ही व्हॉल्व्ह बदलला, वायर बदलली, खोलीतली ट्यूबलाइट घालवली. घोंघो तशीच. मुलगी काही बोलत नव्हती, पण सोळा हजार पाण्यात गेले असे तिच्या तोंडावर लिहिलेले होते. शेवटी आम्ही अब्बांना खुर्चीवर बसवून समोर आणले.

त्यांनी आधी अॅम्प एका बाजूने उचलून वजन पाहिले. मान हलवली. मग उजवा तळवा स्पीकरच्या जाळीवर ठेवला आणि डोळे मिटले. कानांना काही कळत नव्हते, हाताला कळत होते. मुलीला खुणेने सांगितले, तारा धर. तिने गिटारच्या तारांवर हात ठेवला तशी घोंघो कमी झाली. हात काढला, वाढली. पुन्हा ठेवायला लावला. मग डोळे उघडून थोरल्याकडे पाहत म्हणाले, "अर्थ किधर है?"

थोरला वायरिंगचा कंत्राटदार. गावातल्या किती घरांचे अर्थिंग त्याने केले आहे. आमच्या घराच्या बोर्डातल्या तिसऱ्या भोकामागे वायरच नव्हती. वडिलार्जित घर, करू करू म्हणत राहिले होते. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. त्याच आठवड्यात अंगणात खड्डा खणला. तांब्याची पट्टी, कोळसा, मीठ, वर पाणी ओतायला पाइप. उरलेल्या पैशांतले बरेचसे तिथे गेले. घोंघो जवळपास संपली. पण मुलगी त्या तारांना रोज हात लावणार होती, आणि खरी गोष्ट तीच होती.

आता संध्याकाळी साडेसहा ते सव्वासात ती वाजवते. बटण एक वॉटवर असते. चाचांच्या घरून तक्रार नाही. कधीकधी चाचाच येऊन बसतात आणि जवारीवर बोलतात. अब्बा खुर्ची ओढून अॅम्पच्या शेजारी बसतात, हात पेटीवर. त्यांना त्यातून किती पोचते ते आम्ही विचारलेले नाही. दुकानाबद्दलही आम्ही काही बोललो नाही, त्यांनीही काढले नाही. एकदा पाटीवर 'माफ करा' एवढे लिहून आम्ही त्यांच्यापुढे धरले होते. त्यांनी वाचले, हाताने पुसले आणि पाटी नातीकडे दिली. तिला ते ईसीसी ८३च्या नऊ पिना काढून दाखवत होते.

उन्हाळ्यात खड्ड्याची माती सुकली की अर्थ सुटतो. दर चार दिवसांनी तिथे बादलीभर पाणी घालावे लागते. आम्ही विसरतो. अब्बा विसरत नाहीत. पेटीवरचा हात उचलून ते खिडकीतून अंगणाकडे बोट दाखवतात, आणि आमच्यापैकी एक जण बादली घेऊन उठतो.